भाकरीचा कसूर

बाबा,

परवा आईने भाकर केली. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा. एकोणीस वर्षं आपल्या घरात ज्वारीचं पीठ आलं ते पाहुण्यांच्या पिशवीतून आलं आणि तसंच शेजारणीच्या घरी गेलं. आईच्या परातीत मळली गेली ती फक्त कणीक. कुणी विचारलं तर म्हणायची, मनगट दुखते, थापणं होत नाही. परवा मात्र तिने सकाळीच दादाला गिरणीवर पिटाळलं, पीठ गरम असतानाच आधण ठेवलं, आणि त्या दुखऱ्या मनगटाने सात भाकरी थापल्या. त्यातल्या तीन दादाने खाल्ल्या. तुमच्या थोरल्याने. मध्ये पाण्याचा एक घोट घेतला नाही की छातीवर हात फिरवला नाही. मी समोर बसून मोजत होते आणि माझं स्वतःचं ताट तसंच राहिलं होतं. मी जिंकले, बाबा. तुम्ही असतात तर वहिनीकडे बघून म्हणाला असतात, 'पोरगी लय गमजा करून राह्यली.' करूनच राह्यले. आज तेवढं चालवून घ्या.

शाळेत वडिलांचं काम विचारलं की माझी पंचाईत व्हायची. कुणाचे वडील पटवारी, कुणाचे मास्तर, आणि मी सांगायची, 'माझे वडील कापूस ओढतात.' पोरी हसायच्या. त्यांना काय माहीत. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या लागलेल्या असायच्या आणि सगळी मंडळी तुमच्या हाताकडे बघत उभी असायची. तुम्ही वरचा कापूस बाजूला सारायचे, सदऱ्याची बाही वर करून खांद्यापर्यंत हात गाडीत घालायचे आणि तळातून मूठभर काढायचे. मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचे, जुळवायचे, पुन्हा ओढायचे, आणि सरळ झालेला धागा काळ्या कापडाच्या तुकड्यावर ठेवून त्याची लांबी बघायचे. त्यावरून गाडीचा भाव ठरायचा. मी तुमचा डबा घेऊन आले होते तो दिवस मला अजून दिसतो. मी दहा वर्षांची. तुम्ही गमतीने म्हणता, 'घाल हात, सांग कसा आहे.' मी हात घालते, आत ओलसर लागतं, मुठीत पिवळा पडलेला, किडका कापूस येतो. समोर ज्याची गाडी तो म्हातारा माझ्याकडे बघून हसतो आहे, त्याने मला बोरं दिली आहेत. मी म्हणते, 'चांगला आहे.' तुम्ही सगळ्यांसमोर माझा कान धरता. 'हातात काय आलं तुह्या? अन् तोंडातून काय निंगालं? वरतून पांढरा सगळ्यायचाच असते, बाई. हात अंदर घालाचा, अन् जे हाती लागलं तेच सांगाचं.' कान दुखला नव्हता, पण त्या म्हाताऱ्यासमोर धरला याचा राग मला पुढे किती तरी दिवस होता.

मी लॅबच्या कोर्सला हैदराबादला निघाले तेव्हा तुम्ही मला तुमचं पितळी मुठीचं भिंग दिलंत. तुम्हाला वाटलं होतं, मायक्रोस्कोप मायक्रोस्कोप म्हणतात तो असाच काहीतरी असेल, थोडा मोठा. होस्टेलवरच्या पोरींना मी ते दाखवलं नाही. आता ते माझ्या एप्रनच्या खिशात असतं आणि लॅबमधल्या नव्या मुलींना मी मुद्दाम दाखवते.

कोर्सच्या दुसऱ्या वर्षी सुटीत घरी आले होते. रविवार होता, मार्केट बंद, तुम्ही घरी. आई चुलीपुढे आणि आपण दोघं भिंतीला टेकून जेवायला बसलेलो, ताटात वांग्याची भाजी, ठेचा आणि तव्यावरून थेट आलेली भाकर. तुम्ही दोन घास खाता. तिसऱ्याला थांबता, मान लांब करता, छातीच्या मधोमध अंगठा दाबता. मग पाणी पिता. मग म्हणता, 'आज भाकर काऊन इतकी कोरडी केली वं? गळ्याखाली उतरून नाही राह्यली.' आई म्हणते, 'रोजच्यासारखीच तं हाये.' ती तुमच्याकडे बघते, मग माझ्याकडे बघते. तुम्ही ताट सरकवता. त्या दिवसापासून आपल्या घरात भाकरीवर संशोधन सुरू झालं. आईने आधी गिरणी बदलली, मग ज्वारी बदलली, मग आधण जास्त, मळणं जास्त, भाकर पातळ, भाकर जाड. तुम्ही कुस्करून खाऊ लागलात, मग वरणात भिजवून, मग नुसती आंबील. ती रोज हरली, तुम्ही रोज वाळत गेलात, आणि कुणाच्या म्हणून डोक्यात आलं नाही की उतरत नाही ती भाकर नव्हे, अडवते आहे ती वाट. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

खरं तर वाट फार आधीपासून कुरकुरत होती. तुमच्या सदऱ्याच्या खिशात खायच्या सोड्याची पुडी असायची, चारी कोपरे आत खोचून केलेली, चौकोनी, घट्ट. जेवण झालं की चिमूटभर जिभेवर, वर पाणी, एक मोठी ढेकर, 'हां, आता बसलं पित्त.' किती वर्षं? मला कळतं तेव्हापासून. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, पण पुडी स्वस्त होती, सोपी होती, आणि पित्त कुणाला नसतं? शेवटी नागपूरला नेलं. तिथे घशातून दुर्बिणीची नळी घातली. डॉक्टरांनी दादाला बाहेर बोलावून सांगितलं की अन्ननलिकेत गाठ आहे आणि ती फार पुढे गेली आहे. तिसऱ्या महिन्यात तुम्ही गेलात. आणि तेराव्याला आलेल्या आत्याने भरल्या घरात निकाल देऊन टाकला: 'बरा होता माणूस. नळी टाकली अन् गेला.'

झालं. 'नळी' हा शब्दच आपल्या घरातून उठला. नळाला जोडायचा तोसुद्धा पाइप. दादाचा पोरगा शाळेत रक्ताभिसरण शिकून आला आणि जेवताना 'नलिका' म्हणाला तर आईने त्याला उठवून हात धुवायला लावला. हसू नका. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. आमच्याकडे तर ताकाचं भांडंही बाहेर फेकलेलं. मी लॅबमध्ये नोकरीला लागले, दुर्बिणीतून काढलेले तुकडे रोज माझ्या टेबलावर येऊ लागले, पण घरी मी म्हणायची, 'रक्त-लघवी तपासते.' मला माहीत होतं की नळीने तुम्हाला मारलं नाही, तिने फक्त पाहिलं. पण ते सांगायचं म्हणजे त्याच्या आधीचं सगळं सांगायला लागलं असतं.

गेल्या वर्षी दिवाळीआधीच्या रविवारी मी मावल्याला गेले. दादाने तिथे घर बांधलंय, आई त्याच्याकडेच असते. तो नेरडीगोंड्याच्या मंडल ऑफिसात, म्हणजे तहसील कचेरीत बसतो, जमिनीची कागदं बघतो, आणि घरातही दरख्वास्त, मंजूर, नामंजूर याच भाषेत बोलतो. वहिनी मशीनला कपडे लावत होत्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, 'ताई, हे बघा हो. यांच्या प्रत्येक शर्टात निघतंय. पांढरं काहीतरी. कसली लत तं नाही लागली?' त्यांच्या तळहातावर पुडी होती. चारी कोपरे आत खोचलेली, चौकोनी, घट्ट. बाबा, दादाला ती घडी तुम्ही कधी शिकवली? मी वहिनींना म्हटलं, 'लत नाही, सोडा आहे.' त्या हसल्या, त्यांचा जीव भांड्यात पडला. माझा तिथून उडाला. दादा शेहेचाळीस वर्षांचा, रात्री दोन उशा घेऊन निम्मा बसून झोपतो, हे मला त्या दिवशी कळलं. विचारलं तर म्हणाला, 'काऊन वं, तुले काय झालं? पित्त हाये. बाबालेबी होतं.' मी म्हटलं, 'तेच म्हणते मी.' पण त्याची भाकर, म्हणजे पोळी, अजून नीट उतरत होती. एवढ्या एका गोष्टीवर मी माझी सगळी बाजी लावली.

कारण आता माझ्या हातात तुमच्या वेळी नव्हतं असं काहीतरी होतं. आमच्या लॅबच्या मॅडम हैदराबादहून एक नवी तपासणी शिकून आल्या होत्या आणि मलाही चार महिने तिकडे पाठवलं होतं. सांगते, तुम्हाला ती आवडेल, तुमच्याच कामासारखी आहे. एक गोळी, तिला लांब दोरा. गोळी पाण्याबरोबर गिळायची, दोऱ्याचं दुसरं टोक बाहेर, गालाला चिकटवलेलं. सात-आठ मिनिटांत पोटात गोळीचं वेष्टन विरघळतं आणि आत दाबून भरलेला बारीक स्पंज फुलतो. मग दोरा ओढायचा. स्पंज वर येता येता वाटेच्या सगळ्या अंगाला घासत येतो आणि तिथल्या पेशी घेऊन बाहेर पडतो. भूल नाही, दुर्बीण नाही, पलंग नाही. हात अंदर घालून मूठभर काढायचं, झालं. त्या पेशींवर आम्ही खास रंग चढवतो आणि खुणा शोधतो. डॉक्टर त्याला बायोमार्कर म्हणतात. एक खूण सांगते की अन्ननलिकेचं अस्तर आपली जात सोडून आतड्यासारखं झालंय, वर्षानुवर्षं आंबट पाणी सोसून होतं तसं. दुसरी खूण सांगते की त्या बदललेल्या पेशींतला राखणदार बिघडलाय आणि पुढे घात व्हायचा संभव आहे. नुसत्या खुणेला कॅन्सर म्हणत नाहीत. पण कुणाला दुर्बीण लावायलाच हवी आणि कुणाला नको, ते त्यावरून ठरतं. आणि हे सगळं घास अडकायच्या कितीतरी आधी कळतं.

दादाला मी हे सगळं सांगितलं नाही. तेवढी अक्कल आहे मला. मी म्हटलं, 'दादा, नेहमीची जळजळ असली की एक तपासणी करतात. दोऱ्याची.'

'दोऱ्याची म्हंजे?'

'शिवणाचा दोरा असते तसा. टोकाला गोळी. गोळी गिळाची, दोरा बाहेर राह्यते.'

'अन् मंग?'

'मंग सिस्टर ओढून घेते.'

'पतंगासारखी?' तो हसला. मग भुवया चढवून म्हणाला, 'नळी तं नाही ना?' हा शब्द म्हणताना त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं, आई नाही ना ते बघायला.

'नळी नाही. दोरा.'

'मंग दरख्वास्त मंजूर,' दादा म्हणाला. एका शब्दापायी माणूस मरतो आणि एका शब्दापायी वाचतो, हे मी नेरडीगोंड्याच्या कारकुनाकडून शिकले.

तपासणीच्या दिवशी तो उपाशीपोटी आला आणि आल्याआल्या कुरकुर, 'चतुर्थीलेबी चहा चालते वं, तुमच्या इथं तं तोबी नाही.' सिस्टर तेलुगू, मोठ्या प्रेमाची बाई. तिने त्याच्या जिभेवर गोळी ठेवली, हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, 'मिंगंडी सार, मिंगंडी.' गिळा साहेब, गिळा. दादाने डोळे मिटले, एक घोट, दुसरा घोट, तिसऱ्याला गोळी गेली. मग तो गालाला दोरा चिकटवून खुर्चीत बसून राहिला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बोबडं बोबडं म्हणतो, 'बाबा राहते तं म्हणते, धागा लांब हाये, भाव चांगला लावा.' मी मान फिरवली. सिस्टरने दोरा ओढला तेव्हा त्याला एक उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि भिजलेल्या बोंडाएवढा स्पंज बाहेर आला. 'बस? इतकंच?' दादा म्हणाला. माझ्या हातात बाटली होती आणि झाकण लावताना ते दोनदा आटे सोडून बसलं.

आमच्याकडे स्लाइडवर नाव नसतं, नंबर असतो. पण सख्ख्या भावाचा नंबर कुणी विसरतं का? पेशी बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून पातळ काप मी काढले, रंग मी चढवले. ज्या जागी खूण असते तिथे तपकिरी उमटतं, नसते तिथे निळसर राहतं. रिपोर्ट देणं मॅडमचं काम, माझं नव्हे, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी त्यांच्याआधी मी दोन्ही खुणांच्या स्लाइड एकेक करून मायक्रोस्कोपखाली सरकवल्या. पहिल्या स्लाइडवर तपकिरी. दुसऱ्या स्लाइडवरही, ठिकठिकाणी, पेशींच्या ऐन गाभ्यात, गडद तपकिरी. मी स्टुलावर बसून राहिले. मॅडम आल्या, त्यांनी बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, 'कुणाचं आहे?' मी म्हटलं, 'भावाचं.' त्या म्हणाल्या, 'मग वेळेत सापडलं म्हणा. पण आता दुर्बीण करावी लागेल.' मला आनंद व्हायला हवा होता आणि मी घरी कसं सांगायचं ते शोधत होते. दुर्बीण म्हणजे नळी.

त्याच दिवशी दुपारी मी मावल्याला गेले, कागद घेऊन. दादाला खुणांचं सांगितलं. तो ऐकत होता, मग त्याचे डोळे चमकले. 'म्हंजे हे कब्जाचं प्रकरण झालं. पहाणीच्या कागदावर मालकाचं नाव एक, अन् जमीन खाऊन राह्यला दुसराच. आतड्यानं घासाच्या वाटेच्या हद्दीत अतिक्रमण केलं.' इतकं अचूक मला चार महिन्यांत कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, 'अगदी तसंच. आता मोक्यावर जाऊन पाहणी करावी लागते. हैदराबादला. दुर्बिणीनं.' त्याचा चेहरा उतरला. 'तुनं दोऱ्याच्या नावानं नळी बांधली माह्या गळ्यात,' तो ओरडला. 'फसवलं तुनं. नामंजूर! मरीन पित्तानं, पण नळी नाही टाकणार. बाबाचं पाह्यलं ना मी, मीच नेलं होतं त्याईले!' तेव्हा मला कळलं की आत्याचं ते वाक्य सगळ्यांत जास्त कुणाला लागलं होतं. नागपूरला तुम्हाला घेऊन गेला तो दादा होता. सत्तावीस वर्षांचा. एकोणीस वर्षं त्याला वाटत होतं की आपणच बापाला नेऊन नळी टाकून आणली.

आई दारात उभी होती. तिने तो शब्द ऐकला होता, दोनदा. मला वाटलं आता मलाच हात धुवायला लावणार. मी दादाच्या ऑफिसचा एक कोरा कागद ओढला आणि त्यावर दोन रेघा काढल्या, वरून खाली, पोटापर्यंत. म्हटलं, 'आई, ही घास उतराची वाट. बाबाची वाट इथं अशी बारीक झाली होती.' मी मध्ये गाठ काढली. 'नागपूरला नेलं त्याच्या कितीक महिने आधी. नळीनं फक्त पाह्यलं. आपण लय उशिरा पाह्यलं.' आई कागदाजवळ आली. तिला वाचता येत नाही, पण दोन रेघा आणि एक गाठ कुणालाही वाचता येते.

'केवापासून बारीक होती?' तिने विचारलं.

'घास अटकाले लागला तेव्हापासून. त्याच्याबी आधीपासून.'

'म्हंजे त्या रविवारी?'

तिलाही तो रविवार लक्षात होता, बाबा. मला वाटायचं, मलाच आहे. मी म्हटलं, 'हो.'

'मंग भाकर कोरडी नव्हती?'

दादाने खाली बघितलं. वहिनींना काही कळेना, त्या आमच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, 'नव्हती, आई.' एवढंच म्हणाले. आईने पदराने तोंड पुसलं, कागदावरची गाठ बोटाने एकदा चाचपली, आणि दादाकडे वळली. 'ऊठ. नळी टाकून ये. तुहा कसूर नव्हता बाप्पा, नळीचाबी नव्हता. अन् माह्या भाकरीचाबी नव्हता. एकोणीस साल झाले, मी त्या परातीले हात नाही लावला.' दादा लहान पोरासारखा रडला. मीही रडले, आणि रडताना मनात म्हणत होते, बस, आता हा दुर्बिणीला जाणार.

गेला. आईही गेली हैदराबादला, हट्टाने. तिथल्या डॉक्टरांना दादाच्या नळीत, हो, नळीतच म्हणते आता, खालच्या टोकाला बिघडलेलं अस्तर दिसलं. त्यात एक जागा जास्त वाईट होती, पण वरच्या वरच, खोल गेलेली नाही. त्याच दुर्बिणीतून त्यांनी ती खरवडून काढली. पोट फाडलं नाही, छाती उघडली नाही, दादा तिसऱ्या दिवशी दलिया खात होता. राहिलेलं अस्तर पुढे दोन खेपांत जाळून टाकलं. एकदा आईने डॉक्टरांना म्हटलं, 'ते दाखवता का, ज्यानं पाह्यते ते?' त्या भल्या माणसाने कपाटातली धुऊन टांगलेली दुर्बीण दाखवली. काळी, बोटाएवढी जाड, लवलवती. आईने दुरून बघितली. म्हणाली, 'एवढीशी?' आणि बाहेर येऊन बाकावर बसली. कितीतरी वेळ हसत होती, स्वतःशीच.

गेल्या आठवड्यात दादाची तपासणी झाली. साफ आहे. यापुढेही ठरल्या वेळी नळी घालून बघत राहावं लागणार आहे, गोळ्याही चालू आहेत, पण आता तारीख तोच काढतो, मला आठवण करायला लागत नाही. आणि ऑफिसात त्याने नुसता धुमाकूळ घातलाय. सकाळी आला की कारकुनांना म्हणतो, 'खिसे दाखवा.' ज्याच्या खिशात सोड्याची पुडी किंवा गोळ्यांची पट्टी सापडेल त्याला विचारतो, 'किती साल झाले?' पाच-दहा वर्षं म्हणाला की धरून आमच्या दवाखान्यात. तेलुगू बोलणाऱ्याला तेलुगूत, उर्दूवाल्याला उर्दूत, आपल्या लोकांना आपल्यात, 'नळी नाही रे, दोरा हाये.' बहुतेकांचं काही निघत नाही. त्यांना मॅडम जेवणाच्या वेळा आणि औषध सांगून घरी पाठवतात, आणि ते दादाला येऊन शिव्या देतात की उपाशी ठेवलंस. पण एका पहारेकऱ्याची स्लाइड तपकिरी निघाली. पहिलीच फक्त, दुसरी स्वच्छ निळी. त्याच्यावर आता नीट लक्ष आहे. ती स्लाइड मी ट्रेमध्ये ठेवली तेव्हा खिशातलं तुमचं भिंग एकदा मुठीत धरलं. असं रोज थोडंच होतं, पण झालं की मी दिवसभर कुणाचं ऐकत नाही.

आणि परवा भाकर. आईने पहिली दादाच्या ताटात टाकली, दुसरी माझ्या. मी तुकडा मोडला, वाफ आली. आई चुलीपुढे नसते आता, गॅसपुढे उभी असते, पण तिने मान वळवून बघितलं ते अगदी तसंच. आधी दादाकडे, मग माझ्याकडे. 'कशी झाली?' दादा तोंड भरून म्हणाला, 'मऊ!' मी नुसती मान हलवली. मला घास गिळवेना, आणि माझी वाट तर चांगली उघडी आहे, गेल्या महिन्यात मीही दोरा गिळून घेतलाय.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला कळतं. भिंगाच्या डबीत घडी करून ठेवीन. चारी कोपरे आत खोचून, ती घडी मलाही येते, परवा करून पाहिली. पण तुम्हाला लिहायला बसले ते एवढी फुशारकी मारायला नव्हे. त्या रविवारी तुम्ही ताट सरकवलंत आणि आईने माझ्याकडे बघितलं तेव्हा मी त्याच तव्यावरची भाकर खात होते. ती मऊ होती, बाबा. नेहमीसारखी मऊ, दुमडली तरी मोडत नव्हती. आईला फक्त तेवढं ऐकायचं होतं. मी मऊ म्हटलं असतं तर कदाचित कुणीतरी विचारलं असतं की मग उतरत का नाही. मी लॅब शिकत होते, मीच विचारलं असतं. पण मला तुमची बाजू घ्यायची सवय होती. मी म्हटलं, 'हो आई, कोरडीच झाली आहे आज.' हातात एक आलं होतं आणि तोंडातून दुसरं निघालं. आईला हे अजून सांगितलेलं नाही. येत्या रविवारी ती पुन्हा भाकरी करणार आहे.